डागखोलीतला लाल चौकोन

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. लाँड्रीत सगळे त्याला नकाशे म्हणत, कारण नकाशा त्याने काढला होता. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. गावातली हॉस्पिटलं आणि मोठी हॉटेलं, यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं इथे येई. मागच्या दाराने मळकं आत जाई आणि पुढच्या दाराने घडी होऊन बाहेर पडे. मधल्या हॉलमध्ये वाफ इतकी, की पलीकडचा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा आणि मग तोंडावरून.

नकाशेची खोली हॉलच्या वर, जिन्याच्या तोंडाशी. पूर्वी तिथे फाटक्या चादरी टाकत. खालच्या इस्त्रीच्या रोलरची ऊब जमिनीतून वर येई, त्यामुळे थंडीत त्याच्याकडे सगळ्यांचं काहीतरी काम निघे आणि उन्हाळ्यात कुणाचंच निघत नसे. एका भिंतीला काच होती, तिच्यातून अख्खा हॉल दिसे. समोरच्या भिंतीवर नकाशा.

तो गावाचा नव्हता की देशाचा नव्हता. एका बाजूला माणसांची नावं, वर कामांची नावं, मध्ये चौकोन. जे काम बऱ्याच जणांना येतं त्याचा चौकोन हिरवा. दोघांनाच येतं तो पिवळा. आणि जे काम सबंध लाँड्रीत एकट्याच माणसाला येतं, तो लाल. कंपनीला सर्टिफिकेट हवं होतं, सर्टिफिकेटासाठी सिस्टिम हवी होती आणि सिस्टिमला हा नकाशा हवा होता. तो काढायचं काम नकाशेकडे का आलं, तर त्याचं अक्षर चांगलं होतं आणि त्याला नाही म्हणता येत नसे. नाही हा शब्द त्याच्या घशापर्यंत यायचा, तिथे अडखळायचा आणि शेवटी 'बघतो' होऊन बाहेर पडायचा. अशा माणसांवर जगातली निम्मी कामं चालतात आणि निम्मे घोटाळेही तेच करून ठेवतात.

सिस्टिम शिकवायला बाहेरून एक सल्लागार बाई यायची. सगळे तिला मॅडम म्हणत. नकाशे हे त्याचं आडनावच आहे असं मॅडमला वाटे, त्यामुळे तीच एकटी त्याला नकाशेसाहेब म्हणे. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून सांगितलं, "तुमच्या कंपनीची खरी मालमत्ता मशीनमध्ये नाही, तुमच्या डोक्यात आहे. आणि डोकी रोज संध्याकाळी घरी जातात." हे वाक्य ती दर कंपनीत म्हणत असणार, पण वाक्य चांगलं होतं. पुढे म्हणाली, "लाल म्हणजे शिक्षा नाही. लाल म्हणजे कंपनीने जागं व्हावं. त्या कामाला दुसरा माणूस तयार करा, लाल पिवळा होईल. एवढंच."

बाई बोलत होती त्यात चूक काही नव्हती. चूक झाली ती वेळेची. त्याच महिन्यात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू होती. जिन्याखालच्या चहाच्या जागी बॉयलरवाल्याने मॅडमच्या बोलण्याचा अर्थ लावला आणि तो सगळ्यांना एका झटक्यात पटला. जे कंपनीला धोक्याचं ते आपल्याला सोयीचं. ज्याच्या नावापुढे लाल, त्याला कोण हात लावणार?

सगळ्यात आधी नकाशेला गाठलं ते घरच्यांनीच. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि त्याला ताईने वाढवलं होतं. ताईचा नवरा, म्हणजे त्याचे भाऊजी, याच लाँड्रीत डागखोलीत होते. भाऊजींनीच शब्द टाकून नकाशेला इथे चिकटवलं होतं. जे डाग मशीनमध्ये निघत नाहीत ते भाऊजी हाताने काढायचे. मळका डगला आत जायचा आणि कोरा बाहेर यायचा. अख्खी लाँड्री त्यांना डागमामा म्हणे आणि थोडं बिचकूनच असे.

रविवारी ताईच्या घरी नकाशे कागद घेऊन बसला. भाऊजी खुर्चीत, ताई ओट्याशी.

"काय मेहुणे, माझ्या डोक्यात काय काय आहे ते काढा बाहेर," भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच सांगा ना. काय काय येतं तुम्हाला?"

भाऊजींनी विचार केला. "डाग काढता येतात."

"ते एकच झालं भाऊजी. एवढ्यावर लाल कुणाला पटायचा नाही. जरा फोड करून सांगा."

मग फोड सुरू झाली. रक्ताचा ताजा डाग. रक्ताचा शिळा डाग. रक्ताचा धुऊन बसलेला शिळा डाग. तो सुती कापडावर, तो मिश्र कापडावर. शाईचं तसंच, गंजाचं तसंच. ताई ओट्याशी हसून हसून वाकली. "अरे, डाव्या बाहीवरचा आणि उजव्या बाहीवरचा वेगळा लिही," ती म्हणाली. पान भरलं, उलटलं, मागूनही भरलं. नकाशेच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. तो म्हणाला, "ताई, हे जरा जास्त होतंय. मॅडम विचारेल."

ताईने हात पुसले आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. "हे बघ, यांना या वयात दुसरीकडे कोण ठेवेल? एरवी कधी तुझ्याकडे काही मागितलंय मी? तुझ्या हातात आहे, तर कर एवढं."

तिने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. नकाशे म्हणाला, "बघतो."

सोमवारी डागखोलीचा चौकोन लाल झाला. दुपारपर्यंत बातमी हॉलभर. दुसऱ्या दिवशी रोलरबाई जिना चढून आली. रोलरवर मोठ्या चादरी घालण्याचं काम तिचं, पदरात दोन मुलं, नवऱ्याचा पत्ता नाही. ती म्हणाली, "नकाशेभाऊ, रोलर माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच." त्याला ठाऊक नव्हतं, पण डागखोली लाल करून बसलेल्या माणसाने रोलरला कोणत्या तोंडाने नाही म्हणावं? तिच्या मागून बॉयलरवाला आला. मग घड्या घालणारे, शिलाईवाली, मळकं निवडणारे. आठवड्याभरात नकाशाला गोवर फुटला. हिरवे राहिले ते फक्त ड्रायव्हर, मोजणीचे कारकून आणि ज्यांना जिना चढायचा कंटाळा होता ते. पुढे कंटाळा सोडून तेही चढले.

मॅडम नकाशासमोर उभी राहिली तेव्हा नकाशे उगाच काचेतून खाली हॉलकडे पाहत राहिला. ती म्हणाली, "नकाशेसाहेब, इतका प्रामाणिक नकाशा मी कुठे पाहिला नाही. सगळीकडे लोक लाल लपवतात." मॅनेजर घाबरले. माणसं कमी करायचा विषय गुपचूप मागे पडला. उलट प्रत्येक लालाला दुसरा माणूस तयार करायचा बेत कागदावर आला, पण त्यासाठी नवी भरती लागणार होती आणि भरतीला पैसे नव्हते, तेव्हा बेत कागदावरच राहिला. नकाशेला चहात साखर जास्त मिळू लागली. शिलाईवालीने त्याच्या खुर्चीला उशी शिवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एकाच वेळी सगळ्यांना खूश केलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडलं.

एवढे लाल चौकोन पाहिल्यावर सिस्टिम गप्प कशी बसेल? मॅडमने एक नियम सांगितला आणि नकाशेने तो टाइप केला. लाल माणसाची लांब रजा, बदली किंवा मुदतीआधीची निवृत्ती तेव्हाच मंजूर होईल, जेव्हा त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी शिकल्याची सही होईल. आणि एका लाल माणसावर दुसऱ्या लाल कामाचा भार टाकता येणार नाही. टाइप करताना नकाशेला त्यात वावगं काही वाटलं नाही. असे नियम फायलीत जातात, फाइल कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली हरवते, असा त्याचा अनुभव होता.

पुढच्या वर्षी ताईचे पाय सुजू लागले. आधी सगळ्यांनी उभं राहण्यावर खापर फोडलं, मग वयावर. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस करावं लागेल, आठवड्यातून तीनदा, कायमचं. ती सोय या गावात नव्हती. भाची मोठ्या शहरात होती, ताईला तिच्याकडे नेलं. उपचाराचा सगळा खर्च भाऊजींच्या कंपनीच्या विम्यातून होत होता, म्हणून निभावत होतं. पण भाची दिवसभर नोकरीवर. डायलिसिसला नेणं, चार तास बसणं, थकलेल्या बाईला जिने चढवून परत आणणं, हे करायला माणूस नव्हतं. भाऊजी सुट्टीच्या दिवशी जायचे आणि कामाच्या दिवशी परत यायचे, डोळे लाल घेऊन.

त्याच शहरात कंपनीची दुसरी लाँड्री होती. तिथेही डागखोली होती आणि तिथला माणूस नुकताच नोकरी सोडून गेला होता. यापेक्षा सरळ गोष्ट काय असणार? भाऊजींनी बदलीचा अर्ज केला. तो चार दिवसांत परत आला. वर शेरा होता, 'एकमेव जाणकार. काम हस्तांतरित झाल्याशिवाय सोडता येणार नाही.'

भाऊजी अर्ज घेऊन जिना चढून आले. आजवर ते या खोलीत कधी आले नव्हते. नकाशासमोर उभं राहून त्यांनी आपला चौकोन शोधला.

"हाच ना?"

"हाच."

"मग पुसून टाक की."

"असा पुसता येत नाही भाऊजी. दुसऱ्याला काम आलं पाहिजे. त्याची सही लागते."

"अरे मग शिकवतो मी कुणालाही. रोलरबाईला शिकवतो."

"ती लाल आहे."

"बॉयलरवाला?"

"तोही."

भाऊजी एकेक नाव घेत गेले आणि नकाशे मान हलवत गेला. शेवटी भाऊजी थांबले. ड्रायव्हर उरले होते, पण ते गाडी सोडून येणार नाहीत. कारकून उरले होते, पण मळक्या मोजणीत आधीच दोघांचं काम एक जण करत होता. सगळे इतके मोलाचे झाले होते, की कुणाला कुणाकडून काही शिकायची परवानगीच उरली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राजीनामा द्यावा, तर विमा जातो. विमा ठेवावा, तर माणूस इथे अडकतो. भाऊजींनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली गेले. ते रागावले असते तर नकाशेला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण चेष्टेची सवय गेली नव्हती. "काय रे, यांना इतकं हुशार करून ठेवलंस, की कंपनी सोडेना म्हणे?"

"ताई, मी बघतो."

"बघ बाबा. आज परत येताना रिक्षात चक्कर आली. रिक्षावाला चांगला होता, त्याने पाणी दिलं." मग ती म्हणाली, "कधी पाठवतोस यांना?"

नकाशेने ठरवलं, आता खरं सांगायचं. काय होईल ते होवो. मॅनेजरना त्याने वर बोलावलं, हेही त्याच्यासाठी धाडसच होतं. मॅनेजर नकाशासमोर उभे राहिले.

"साहेब, डागखोलीचं काम तसं... एवढं अवघड नाहीये."

"मग लाल का आहे?"

"ते तेव्हा जरा... फोड जास्त झाली."

मॅनेजर माणूस कडक नव्हता, पण आकड्यांचा होता. त्यांचं बोट डागखोलीच्या चौकोनावरून सरकत रोलरच्या चौकोनावर आलं. "आणि हे? हे तरी खरं आहे ना? की इथेही फोड जास्त झाली?"

नकाशेची नजर काचेकडे गेली. खाली वाफेत रोलरबाई चादरीचं एक टोक धरून वर पाहत होती. बॉयलरवाला दारात उभा राहून वर पाहत होता. नकाशे मॅनेजरशी काय बोलतोय हे खाली कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण सगळ्यांना माहीत होतं. सकाळीच जिन्याखाली रोलरबाईने त्याला थांबवलं होतं. भांडली नाही. "नकाशेभाऊ, तुमच्या ताईसाठी माझाही जीव तुटतो," ती म्हणाली होती. "पण एक धागा ओढलात तर सगळं उसवेल. माझी पोरं आहेत हो." तिचंही खरं, ताईचंही खरं. इकडे आड, तिकडे विहीर.

"खरं आहे साहेब," नकाशे म्हणाला. "रोलर खरंच अवघड आहे."

"मग डागखोलीही खरीच असणार," मॅनेजर म्हणाले आणि जायला निघाले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नकाशात सगळ्यांची नावं होती, एक त्याचं नव्हतं. नकाशा काढणं हे काम आहे, त्यात काही ज्ञान आहे, असं कुणालाच सुचलं नव्हतं, त्यालासुद्धा. तो लाल नव्हता, पिवळा नव्हता, हिरवाही नव्हता. त्याला शिकायला कुणाची बंदी नव्हती. डबा तसाच टाकून तो डागखोलीत गेला.

डागखोली म्हणजे मागच्या अंगाला एक चिंचोळी जागा. पांढऱ्या फरशीचा कट्टा, एक बेसिन, वर दिवा, फळीवर तीन बाटल्या आणि दात घासायचे जुने ब्रश. भाऊजींनी दार लोटून घेतलं.

"हे बघ. रक्ताला गरम पाणी कधी लावायचं नाही. डाग कायमचा बसतो. आधी गार पाणी, मग या पहिल्या बाटलीतलं. शाईला दुसरी, ते स्पिरिट आहे. गंजाला तिसरी. ब्रश बाहेरून आत फिरवायचा, आतून बाहेर फिरवला की डाग पसरतो. मग थांबायचं. लोक थांबत नाहीत, म्हणून त्यांचे डाग निघत नाहीत."

"आणि?"

"आणि काय?"

"एवढंच?"

"एवढंच रे."

एकमेकांकडे पाहून दोघांनाही हसू फुटलं. पान भरून, उलटून मागूनही भरलेली ती सगळी फोड या तीन बाटल्यांत होती, आणि बाटल्यांवर कसं वापरायचं ते छापलेलंसुद्धा होतं. हसता हसता भाऊजींनी ब्रश उचलला. "झाकली मूठ होती," ते म्हणाले. "कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." ब्रश धुऊन जागेवर ठेवत ते पुढे म्हणाले, "ताईला सांगू नकोस हं. तिला वाटतं मला काहीतरी येतं."

नकाशे रोज सुट्टीत जाऊ लागला. काम सोपं होतं, पण त्याला आवडू लागलं. डगल्यावरचा तपकिरी ठिपका हळूहळू फिका होत नाहीसा होताना पाहून त्याला वाटे, चला, एवढं तरी आपल्याला निस्तरता येतं. भाऊजी स्टुलावर बसून त्याचं काम बघत, मधेच ताईच्या आठवणी काढत. लग्नात तिने धाकट्या भावाला, म्हणजे या नकाशेलाच, सोबत घेऊन जाण्याचा हट्ट कसा धरला होता, ते त्यांनी दोनदा सांगितलं. नकाशेने दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

शिकून झालं, तर सहीचं त्रांगडं. शिकणाऱ्याच्या जागी सही नकाशेची आणि नकाशा त्याच्याकडे असल्यामुळे शिकल्याची खातरजमा करणाऱ्याच्या जागीही सही नकाशेचीच. स्वतःच स्वतःला पास कसं करणार? मॅडमची वाट पाहायला हवी होती. ती ऑडिटला आली, तोवर ताई तीनदा हॉस्पिटलात राहून आली होती.

मॅडमने डागखोलीत उभं राहून स्वतः बघितलं. नकाशेने रक्त काढलं, शाई काढली, गंज काढला. तिन्ही डाग निघाले. मॅडमला इतका आनंद झाला, की तिने भाऊजींचा हात हातात घेतला. "सगळ्यात धोक्याचं काम, आणि एका कार्यालयातल्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत शिकून घेतलं! ज्ञान असं वाहतं ठेवायला हवं," ती म्हणाली, आणि अहवालातही असंच लिहिलं, मनापासून. लाल चौकोन पिवळा झाला. नकाशेने स्वतःच्या हाताने रंगवला. भाऊजी त्याच दिवशी बॅग भरायला लागले. भाचीने आईला सांगितलं, तर ती म्हणे रडलीच.

मॅडमने जे कौतुकाने लिहिलं, ते मॅनेजरनी हिशेबाने वाचलं. जे काम कारकून जेवणाच्या सुट्टीत शिकतो, त्याला वेगळा माणूस कशाला? आठवड्याने पत्र आलं. दोन्ही लाँड्र्यांतल्या डागखोल्यांच्या जागा रद्द, काम इतरांना वाटून देण्यात येत आहे. बदली मागणारा कर्मचारी जादा ठरत असल्याने त्याला मुक्त करण्यात येत आहे. विमा चालू महिन्याच्या अखेरीपर्यंत.

नकाशे मॅनेजरच्या खोलीत धावला. आयुष्यात पहिल्यांदा दार न वाजवता आत शिरला. "साहेब, मला ते नीट जमत नाही. अवघड आहे ते. फार अवघड आहे. त्या दिवशी कसेबसे निघाले डाग."

मॅनेजरनी अहवाल उघडून त्याच्यापुढे सरकवला. "ही सही तुमची ना? येतं म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. मॅडमनेही पाहिलंय."

"साहेब, माझी बहीण..."

"मला माहीत आहे. वाईट वाटतं मला," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण हे माझ्या हातात नाही, वरून ठरलंय. उलट वरचे तुमच्यावर खूश आहेत. म्हणाले, हा माणूस चांगला सापडला. नकाशातले बाकीचे लालही याच्याकडूनच पिवळे करून घ्या. एकेक काम शिकत जा. उद्यापासून रोलर."

नाही म्हणायची वेळ हीच होती. शब्द घशापर्यंत आला. नोकरी नकाशेचीही होती आणि आता ताईच्या उपचाराला जो काही हातभार लागणार होता, तो त्याच्याच पगारातून लागणार होता. शब्द अडखळला. "बघतो," तो म्हणाला.

भाऊजींना तो बसस्टँडवर सोडायला गेला. त्यांनी पत्र चार घड्या करून खिशात ठेवलं होतं. बस लागल्यावर ते म्हणाले, "तिला मी सांगणार नाहीये. बदली झाली म्हणून सांगेन. महिनाअखेरपर्यंत तरी सुखाने दोन घास खाऊ दे तिला."

"आणि मग भाऊजी?"

"मग बघू." त्यांनी बॅग वर चढवली, खिडकीशी बसले आणि बस सुटेपर्यंत दोघांनी त्या रस्त्यावर कुठे खड्डे आहेत याच्या गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी नकाशे खाली हॉलमध्ये गेला तेव्हा वाफेतही त्याला कळलं, की बोलणं थांबलंय. त्याच्या खुर्चीवरची उशी सकाळी जागेवर नव्हती. बॉयलरवाल्याने तोंड फिरवलं. रोलरबाईने मात्र पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा नकाशेभाऊ."

"बाई, मी मुद्दाम नाही..."

"ठाऊक आहे मला. तुम्ही मुद्दाम कधी काही करतच नाही." ती चिडलेली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. तिने ओल्या चादरीची दोन्ही टोकं धरली. "टोकं सरळ धरायची, मशीन आपणहून ओढतं. बोटं आधी सोडायची. बघा आता नीट, परत परत नाही दाखवणार."

तिला आपलं काम शिकवावं लागत होतं, आणि तो ते शिकत होता. चादर रोलरखाली गेली आणि पलीकडून कोरी, गरम, सपाट बाहेर आली. एवढंच होतं. त्याने एवढंच का असं विचारलं नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई.

"आले बरं का हे!" तिचा आवाज किती दिवसांनी भरलेला होता. "सकाळी माझ्याबरोबर डायलिसिसला आले. चार तास बसले शेजारी. नर्सला काय सांगत होते माहितीये? तिच्या डगल्यावरचा शाईचा डाग कसा काढायचा ते. ती बघतच राहिली. मी म्हटलं, आमचे हे डागातले मोठे आहेत."

"हो ना ताई."

"आता कायमचे आले म्हणतात. परत जायचं नाही म्हणे. कंपनीने बदली दिली." ती जरा दम घ्यायला थांबली. "तूच केलंस ना रे हे?"

रोलरबाई पुढच्या चादरीची टोकं हातात धरून थांबली होती आणि त्याच्याकडे बघत होती. मशीन रिकामं फिरत होतं.

"हो ताई," नकाशे म्हणाला. "मीच केलं."

"मला ठाऊक होतं," ताई म्हणाली. "तुझ्या हातात असलं, की तू करतोसच."